पहिल्या पानावरचा खुनी

साडेसहाला पाणी येतं, सव्वासातला जातं.
तेवढ्यात पिंप, दोन बादल्या, खिडकीतला कढीपत्ता
आणि रेवाला तीन हाका.
तिसरी आईच्या पद्धतीने मारावी लागते,
म्हणजे आडनावासकट.

सुनेत्राची रात्रपाळी. नऊला येईल राजावाडीहून,
चपला दाराबाहेर, पाय थेट मोरीत,
आणि विचारील, "काय केलंस?"
एकवीस वर्षं झाली, आमची प्रेमाची सगळी बोलणी
या दोन शब्दांत उरकतात.

आज तिसऱ्या.
बाजारातली कोळीण वाट्यावर मूठभर वाढवून देते,
वर ऐकवते, "बायको कमावते, तू खा!"
कन्नमवार नगरात हे सगळ्यांना माहीत आहे,
तिला जरा जास्तच.

एकशिपी करायची तर तिसरी फोडायची नसते, उघडायची असते.
विळीवर कडेने धरायची, पातं हळूच आत,
मांस एका शिंपीत, दुसरी शिंपी कचऱ्यात.
कुलपांच्या कारखान्यात हयात गेली,
बोटांना अजून कळतं, कुठे दाबलं की काय सुटतं.
पाणी टाकायचं नाही. त्यातच सगळी चव.
(हे मी दर वेळी मोठ्याने सांगतो. ऐकायला कोणी नसतं.)

कारखाना बंद झाला तेव्हा सोबत आणला
बिस्किटांचा एक डबा, त्यात एकशे चाळीस किल्ल्या.
एकीचंही कुलूप घरात नाही.
महिन्यातून एकदा पेपर पसरून त्यांना तेल देतो.
सुनेत्रा म्हणते, "कशाला?"
मी म्हणतो, "गंजतील."
ती पुन्हा म्हणते, "कशाला?"

दुपारी पुस्तक.
मी फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचतो.
आत्मचरित्रात माणूस स्वतःवर संशय घेत नाही,
मला झोप येते.
आमच्या वाचनालयात कोणी एक हलकट आहे,
पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो :
खुनी – भाचा.
खुनी – वकील.
वर्षानुवर्षं. आणि कधी चुकत नाही.
आधी शिव्या घालायचो, मग सवय झाली.
नाव ठाऊक असलं की भाच्याने नुसता चहा ओतला
तरी मी त्याच्या हाताकडे बघत बसतो.

पण दिवाळीपासून हलकट चुकायला लागला.
डॉक्टर म्हणाला, निघाली मावशी.
तिजोरीवाला म्हणाला, तो तर सतराव्या पानावर मेला.
आणि परवाचं हे : खुनी – माळी.
पान उजेडाशी धरलं.
खाली काहीतरी खोडलेलं, कागद थोडा सोलवटलेला,
आणि वरचा ळ
शेपटी लांबवलेला, ओळीखाली उतरून परत वर वळलेला.

तो ळ मी कुठे पाहिलाय?
फ्रिजवर. चुंबकाखाली.
"खेळायला जाते, वेळ होईल."
एका चिठ्ठीत दोनदा.
पुस्तकं बदलून आणायला शनिवारी जातं कोण? तीच.

जेवताना काही बोललो नाही.
रेवाने शिंपी चोखत, अगदी सहज विचारलं,
"बाबा, कुठवर आलं? कोण वाटतं?"
"माळी," मी म्हटलं. "शंभर टक्के.
त्याच्या डोळ्यांतच दिसतं."
ती ताटावर इतकी वाकली
की वेणी कालवणात.
सुनेत्रा अर्धवट झोपेत भाताचा गोळा धरून म्हणाली,
"कुठला माळी? आणि मीठ बरोबर आहे आज."

दुसरं पुस्तक अजून पिशवीतच आहे,
रेवाने उघडलेलं नाही.
वाचनालयाच्या हलकटानेही, नवल, काही लिहिलेलं नाही.
पेन्सिल कंपासपेटीत, कंपासपेटी दप्तरात,
दप्तर दाराच्या खिळ्याला.
पण खोटं नाव लिहायचं तर खरं आधी माहीत हवं.
तीनशे बारा पानं.
दोघी झोपल्यात.
ओट्यावरचा दिवा लावून, दूध विरजून,
मी बसतो.